स्लॅश सव्वीस म्हणजे काय रे भाऊ?

सबनेटिंगचं टेबल पाठ असतं. पण समोरच्याने ‘का?’ विचारलं, की बत्ती गुल! खरं तर सगळा खेळ एका रेघेचा आहे. ती रेघ चुकली तर लॅबमधला प्रिंटर बंद पडतो, आणि कधी कधी जगभरातलं यूट्यूबसुद्धा.

ओरल होती, कॉम्प्युटर नेटवर्क्सची. बाहेर कॉरिडॉरमध्ये आमची बॅच जर्नल छातीशी धरून उभी. आत गेलेला प्रत्येक जण बाहेर आला की एकच प्रश्न, ‘काय विचारलं रे?’ उत्तर ठरलेलं, ‘सबनेटिंग!’ मी निवांत होतो. आदल्या रात्री अख्खं टेबल घोकलं होतं ना. स्लॅश चोवीसला २५४, पंचवीसला १२६, सव्वीसला ६२, सत्तावीसला ३०. बाराखडीसारखं पाठ.

एक्स्टर्नल सर जर्नल चाळता चाळता म्हणाले, ‘‘सांग बघू, स्लॅश सव्वीसमध्ये किती होस्ट बसतात?’’

‘‘बासष्ट, सर.’’

‘‘का?’’

आता काय सांगणार? म्हटलं, ‘‘सर, टेबलमध्ये तसंच आहे.’’

सर हसले. ‘‘आणि टेबल कुणी केलं?’’

दोन मार्क गेले, विषय सुटला, मी विसरूनही गेलो. पण सबनेटिंग मला विसरलं नव्हतं. सहा महिन्यांनी, कॉलेजच्या टेक फेस्टच्या सकाळी त्याने मला बरोब्बर गाठलं.

प्रिंटर कुठे गेला?

रजिस्ट्रेशन डेस्क कॉम्प्युटर लॅबमध्ये, सर्टिफिकेटचा प्रिंटर ऑफिसमध्ये. मी आणि दोन मित्रांनी डेस्कवरच्या चार पीसींना हाताने आयपी ॲड्रेस टाकले. ब्राउझर उघडला, इंटरनेट सुरू. भारी! पण प्रिंट काही निघेना. ऑफिसमधल्या पीसीवरून निघतेय, आमच्याकडून नाही. केबल बदलली. स्विच बंद करून चालू केला. ड्रायव्हर दोनदा काढून घातला. बाहेर रांग वाढतेय, कोऑर्डिनेटरचे फोनवर फोन.

शेवटी लॅब असिस्टंट काकांना बोलावलं. ते आले, सेटिंग्ज उघडल्या, एका आकड्यावर बोट ठेवलं. सबनेट मास्क : २५५.२५५.२५५.०.

‘‘हे कुणी टाकलं?’’

‘‘मीच काका. सगळीकडे तेच असतं ना?’’

काकांनी शेवटचं शून्य खोडून १२८ टाकलं आणि प्रिंट बाहेर. जाताना म्हणाले, ‘‘अरे, तुमचा पीसी प्रिंटरला याच खोलीत हाका मारत बसला होता. प्रिंटर शेजारच्या वाड्यात राहतो!’’

त्या दिवशी संध्याकाळी कँटीनमध्ये बसून कागदावर पहिल्यांदा नीट समजून घेतलं, की काकांनी नेमकं काय केलं. तेच आज तुमच्यासमोर मांडतोय. कॅल्क्युलेटर लागणार नाही. कागद-पेन मात्र घ्या.

चार आकडे नाहीत, बत्तीस खाणी आहेत

आपल्याला आयपी ॲड्रेस दिसतो चार आकड्यांत. समजा, १९२.१६८.१०.२०. पण ही सोय आपल्यासाठी. मशीनला दिसतात सलग ३२ बिट, म्हणजे ३२ खाणी, प्रत्येकात ० किंवा १. आठ-आठ खाण्यांचे चार डबे केले, की त्याला आपण चार आकडे म्हणतो. एका डब्यातल्या खाण्यांची किंमत डावीकडून उजवीकडे अशी असते : १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. म्हणजे २० लिहायचे तर १६ आणि ४ च्या खाण्यात एक, बाकी शून्य : ०००१०१००. आणि २०० म्हणजे १२८ अधिक ६४ अधिक ८ : ११००१०००.

आता या ३२ खाण्यांमध्ये कुठेतरी एक रेघ मारायची. रेघेच्या डावीकडचं सगळं म्हणजे नेटवर्क, वाड्याचं नाव म्हणा ना. उजवीकडचं म्हणजे होस्ट, वाड्यातली खोली. स्लॅशच्या पुढचा आकडा एवढंच सांगतो, की रेघ कितव्या खाण्यानंतर आहे. स्लॅश चोवीस म्हणजे २४ खाणी वाड्याची, उरलेली ८ खोल्यांची. सबनेट मास्क हे त्याच रेघेचं दुसरं रूप. रेघेच्या डावीकडे सगळे १, उजवीकडे सगळे ०. स्लॅश पंचवीस असेल तर शेवटच्या डब्यात पहिलं खाणं १, बाकी शून्य. त्याची किंमत १२८. म्हणून २५५.२५५.२५५.१२८.

आता सरांच्या ‘का?’चं उत्तर बघा. स्लॅश सव्वीस, म्हणजे खोल्यांसाठी उरली ३२ वजा २६ बरोबर ६ खाणी. सहा खाण्यांत ० आणि १ च्या किती रचना होतात? दोनाचा सहावा घात, ६४. त्यातल्या दोन कुणालाच देता येत नाहीत. सगळी खाणी शून्य असलेला पत्ता म्हणजे त्या वाड्याचं स्वतःचं नाव, नेटवर्क ॲड्रेस. सगळी खाणी एक असलेला पत्ता म्हणजे ‘वाड्यातल्या सगळ्यांना’ अशी हाळी, ब्रॉडकास्ट. ६४ वजा २, बासष्ट. बस्स! पाठ करण्यासारखं यात काही नव्हतंच.

आणि प्रिंटरचं कोडं? आमच्या पीसीचा पत्ता होता १९२.१६८.१०.२०. प्रिंटरचा १९२.१६८.१०.२००. पाकीट पाठवण्याआधी पीसी एकच प्रश्न विचारतो, ‘समोरचा माझ्याच वाड्यात आहे का?’ मी मास्क चोवीसचा टाकला होता. पहिली २४ खाणी दोघांची सारखी, तर पीसीला वाटलं, प्रिंटर इथेच आहे. मग तो आपल्या वाड्यातच ओरडत राहिला, ‘२०० कोण आहे? तुझा हार्डवेअर पत्ता दे!’ या ओरडण्याला एआरपी म्हणतात. हे ओरडणं राउटर पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे उत्तर येणारच नव्हतं.

काकांनी रेघ एक खाणं पुढे सरकवली. आता पंचविसावं खाणंही बघायचं. २० चं पहिलं खाणं ०, २०० चं पहिलं खाणं १. वाडे वेगळे! मग पीसीने पाकीट गुपचूप राउटरच्या हाती दिलं आणि राउटरने ते पोचवलं. इंटरनेट आधीपासून का चालत होतं, तेही आता कळेल. बाहेरच्या साइटचे पत्ते कुठल्याही मास्कने परकेच दिसत होते, म्हणून ती पाकिटं राउटरकडेच जात होती.

‘इंटरनेट चालतंय, पण शेजारचं मशीन सापडत नाही’ असं कधी दिसलं, तर केबल उपटण्याआधी एकदा मास्क बघा.

एका वाड्याचे चार वाडे

पण मुळात कॉलेजने हे तुकडे केलेच कशाला? सगळे एकाच चोवीसमध्ये राहिले असते तर?

राहता येतं. पण एक तर वाडा जितका मोठा, तितका आरडाओरडा जास्त. प्रत्येक हाळी प्रत्येक मशीनला ऐकावी लागते. दुसरं म्हणजे, हॉस्टेलच्या वायफायवर बसलेल्या लॅपटॉपला फी काउंटरचा पीसी थेट दिसायला नको. वाडे वेगळे केले, की जाणं-येणं राउटरच्या दारातून होतं, आणि दारात वॉचमन बसवता येतो.

समजा, आपल्याकडे १९२.१६८.१०.०/२४ आहे, एकूण २५६ पत्ते. लॅबला १०० हवेत, हॉस्टेलला ५०, ऑफिसला २५, सीसीटीव्हीला २५. नियम एकच, मोठ्यापासून सुरू करा.

लॅबला १०० : ६२ पुरत नाहीत, १२६ पुरतात. म्हणून स्लॅश पंचवीस. ० ते १२७.

हॉस्टेलला ५० : ६२ पुरतात. स्लॅश सव्वीस. १२८ ते १९१.

ऑफिसला २५ : ३० पुरतात. स्लॅश सत्तावीस. १९२ ते २२३.

सीसीटीव्हीला २५ : पुन्हा स्लॅश सत्तावीस. २२४ ते २५५.

डबा बरोब्बर भरला. हेच परीक्षेत ‘व्हीएलएसएम’ असं भारदस्त नाव घेऊन येतं. अर्थ साधा आहे, गरजेनुसार लहान-मोठ्या खोल्या. अडखळायला होतं ते एका ठिकाणी. तुकडा कुठूनही सुरू करता येत नाही. ६४ चा तुकडा ०, ६४, १२८ किंवा १९२ वरच सुरू होणार. ‘१०० पासून पुढचे ६४ मला द्या’ असं चालत नाही, कारण मग एका रेघेने तो तुकडा वेगळा काढताच येत नाही. ही अट लक्षात ठेवा, थोड्या वेळाने पुन्हा कामी येणार आहे.

वेलणकरांचा पिनकोड

आतापर्यंत आपण तोडत होतो. आता जोडू. रूट समरायझेशन म्हणजे नेमकं तेच. त्यासाठी थोडं पोस्टात जाऊन येऊ.

आपला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो आणला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारे मराठी गृहस्थ. पिनकोडची गंमत त्याच्या क्रमात आहे. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले दोन उपविभाग, पहिले तीन सॉर्टिंग जिल्हा आणि शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिस.

याचा फायदा कुणाला? कोलकात्यात पत्रं वेगळी करणाऱ्याला. त्याला पुण्याच्या प्रत्येक पोस्ट ऑफिसचं नाव माहीत असायची गरजच नाही. ४११ दिसलं, पुण्याची थैली. कोथरूड की हडपसर, ते पुण्यातले लोक बघून घेतील. शेकडो पोस्ट ऑफिसांसाठी लांबच्या माणसाच्या डोक्यात एकच ओळ. हेच समरायझेशन!

आता यातला अपवाद बघा. ४० ते ४४ ने सुरू होणारे पिनकोड महाराष्ट्राचे. पण ४०३? तो गोव्याचा. मग ४०३ ने सुरू होणारं पत्र कुठे टाकायचं? ‘४० म्हणजे महाराष्ट्र’ ही ओळही लागू पडते आणि ‘४०३ म्हणजे गोवा’ ही ओळही. आपण विचारही न करता गोव्याच्या थैलीत टाकतो, कारण तीन आकडे जुळणारी ओळ दोन आकडे जुळणाऱ्या ओळीपेक्षा नेमकी आहे. राउटरही हेच करतो. दोन ओळी लागू पडल्या, तर ज्या ओळीचे जास्त बिट जुळतात ती जिंकते. पुस्तकात याला लाँगेस्ट प्रीफिक्स मॅच म्हणतात. आणि गंमत म्हणजे, ती ओळ कुणी लिहिली, खरी की खोटी, हे हा नियम विचारत नाही. फक्त नेमकेपणा बघतो.

हे वाक्य डोक्यात ठेवा.

चार ओळींची एक ओळ

इंटरनेटला या जोडकामाची गरज पडली नव्वदच्या दशकात. आधी पत्ते ठरावीक तीन मापांत मिळायचे. क्लास ए म्हणजे एक कोटी ६७ लाख पत्ते, बी म्हणजे ६५,५३६, सी म्हणजे २५६. मधलं काही नाही. एखाद्या संस्थेला ५०० पत्ते हवेत, तर सी तोकडा आणि बी ढगळा. मग सगळे बी मागायचे. बी होते फक्त १६ हजारांच्या आसपास, ते संपत आले. बरं, बीऐवजी मूठभर सी द्यावेत, तर प्रत्येक सीची राउटरमध्ये वेगळी ओळ. टेबलं फुगायला लागली. सप्टेंबर १९९३ मध्ये यावर उपाय आला, सीआयडीआर, उच्चार ‘सायडर’. रेघ आता तीनच ठिकाणी नाही, ३२ पैकी कुठेही मारा. आपल्या ओळखीची स्लॅशची खूण तिथून रुळली. एकाच निर्णयाने दोन्ही कामं झाली. तोडायचं तर हवं तिथे तोडा, जोडायचं तर हवं तिथे जोडा.

जोडायचं कसं? समजा, एका राउटरच्या मागे चार नेटवर्क आहेत : १०.२०.८.०, १०.२०.९.०, १०.२०.१०.० आणि १०.२०.११.०, सगळी स्लॅश चोवीस. तिसरा डबा उलगडा.

८ : ००००१०००

९ : ००००१००१

१० : ००००१०१०

११ : ००००१०११

पहिली सहा खाणी चौघांची सारखी. शेवटच्या दोन खाण्यांत ००, ०१, १०, ११ सगळे हजर. म्हणजे रेघ सहाव्या खाण्यानंतर. आधीच्या दोन डब्यांचे १६ अधिक हे ६, स्लॅश बावीस. चार ओळींऐवजी जगाला एकच सांगायचं : ‘१०.२०.८.०/२२ माझ्याकडे.’

आता ९, १०, ११, १२ असे चार असतील तर? संख्या तीच, चार. बरीच मुलं इथेही बिनधास्त स्लॅश बावीस लिहितात. पण १२ म्हणजे ००००११००. चौघांत सारखी खाणी फक्त पाच. ओळ होते १०.२०.८.०/२१, आणि तिच्यात ८ ते १५ असे आठ येतात! आपल्याकडे चारच आहेत. म्हणजे आपण जगाला सांगितलं, ‘आठही माझ्याकडे,’ आणि चार खोटे. मघाची अट आठवली? तुकडा आपल्या मापाच्या पटीवरच सुरू होतो. ९ ही ४ च्या पटीत बसत नाही. इथे बरोबर उत्तर तीन ओळींचं आहे : ९ ची एक स्लॅश चोवीस, १०-११ ची मिळून स्लॅश तेवीस, १२ ची एक स्लॅश चोवीस.

‘थोडं जास्त सांगितलं तर काय बिघडलं?’ बिघडतं! कुणीतरी १०.२०.१४.५ साठी पाकीट पाठवतो. वरचा राउटर ते तुमच्याकडे ढकलतो, कारण तुम्हीच ‘माझ्याकडे’ म्हणाला होतात. तुमच्याकडे १४ नाही. तुमच्या राउटरची शेवटची ओळ असते, ‘काहीच माहीत नसेल तर वर पाठव.’ तो परत वर पाठवतो. वरचा पुन्हा खाली. पाकीट दोघांमध्ये टेबल टेनिस खेळत बसतं. पाकिटावर एक आकडा असतो, टीटीएल. तो प्रत्येक उडीला एकने कमी होतो, शून्य झाला की पाकीट टाकून देतात. तेवढंच काय ते नशीब. म्हणून समराइज करणारे शहाणे लोक आपल्या राउटरवर एक ओळ आणखी लिहितात, ‘या मोठ्या तुकड्यात येतं, पण नेमकी ओळ नाही? मग फेकून दे.’ सिस्कोच्या राउटरवर हिला नल झिरोचा रूट म्हणतात. लॅबमध्ये ही ओळ दिसली तर ‘ही फालतू कशाला?’ म्हणून उडवू नका.

त्या रात्री यूट्यूब कुठे गेलं?

आता मघाचं वाक्य काढा : नेमकी ओळ जिंकते, खरी-खोटी कुणी विचारत नाही.

२४ फेब्रुवारी २००८, रविवार. यूट्यूब जगाला सांगत होतं, ‘२०८.६५.१५२.०/२२ माझ्याकडे.’ १५२ ते १५५, म्हणजे १०२४ पत्ते, एका ओळीत. एकदम नीटनेटकं समरायझेशन.

तिकडे पाकिस्तानात सरकारने यूट्यूब बंद करायचा आदेश दिला होता. पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या नेटवर्कमध्ये ओळ लिहिली, ‘२०८.६५.१५३.०/२४ आमच्याकडे.’ हेतू असा, की देशातली यूट्यूबची पाकिटं इथेच अडवायची. पण ती ओळ देशात राहिली नाही. आपल्याकडच्या घड्याळात रात्री १२ वाजून १७ मिनिटांनी ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीकडे पोचली. त्यांनी ती न तपासता पुढे जगाला सांगितली.

पुढचं तुम्ही आता स्वतः सांगू शकता. जगभरच्या राउटरांपुढे दोन ओळी. एकीचे २२ बिट जुळतात, दुसरीचे २४. दुसरी जिंकली! जगातल्या बहुतांश भागातून यूट्यूबची पाकिटं पाकिस्तानच्या दिशेने निघाली आणि तिथेच जिरली.

यूट्यूबच्या इंजिनिअरांनी काय केलं असेल? हॅकरला शोधलं? नाही. त्यांनी सबनेटिंग केलं. १ वाजून ३७ मिनिटांनी त्यांनीही तीच ओळ जाहीर केली, ‘२०८.६५.१५३.०/२४ माझ्याकडे.’ आता सामना बरोबरीत आला. जे नेटवर्क यूट्यूबला जवळ होते ते परत आले, बाकीचे अडकलेलेच. मग १ वाजून ४८ मिनिटांनी त्यांनी त्या चोवीसचे दोन तुकडे केले, १५३.०/२५ आणि १५३.१२८/२५. पंचवीस बिट जुळतात, म्हणजे चोवीसपेक्षा नेमके! पण अनेक नेटवर्क चोवीसपेक्षा बारीक ओळी घेतच नाहीत, म्हणून हाही इलाज अर्धाच लागू पडला. अखेर २ वाजून ३१ मिनिटांनी पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तान टेलिकॉमकडून आलेल्या ओळी मागे घेतल्या, आणि यूट्यूब परतलं. सव्वादोन तास!

स्लॅश चोवीसच्या एका ओळीने हे घडवलं. माझ्या प्रिंटरसारखंच. फक्त माझी ओळ एका लॅबपुरती होती.

मग सगळ्यांनी बारीकच ओळी का लिहू नयेत?

बरोबर शंका आहे. बारीक ओळ जिंकते, तर प्रत्येकाने आपले चोवीसच जाहीर करावेत ना? मोठी ओळ लिहून धोका कशाला?

कारण प्रत्येक ओळीचा भार जगातल्या प्रत्येक मोठ्या राउटरला उचलावा लागतो. आणि राउटरची मेमरी काही अमर्याद नाही. १२ ऑगस्ट २०१४ ला हेच दिसलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीकडून सुमारे १५ हजार बारीक ओळी अचानक बाहेर पडल्या. त्या दिवशी जागतिक टेबलाने ५ लाख १२ हजारांचा टप्पा ओलांडला, आणि अनेक जुन्या राउटरांची मर्यादा नेमकी तिथेच होती. ठिकठिकाणी इंटरनेट रखडलं. आज आयपीव्ही४ चं ते टेबल नऊ लाखांच्या पुढे गेलंय.

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. मोठी ओळ सगळ्यांचा भार हलका करते, पण तिला बारीक ओळ हरवू शकते. बारीक ओळ नेमकी, पण सगळे तसंच वागले तर टेबल फुटतं. यातून वाट काढण्यासाठी आता आरपीकेआय नावाची पद्धत रुळतेय. पत्त्याचा मालक सही करून नोंदवतो, की हा तुकडा कोणत्या नेटवर्कने जाहीर करायचा आणि जास्तीत जास्त कितव्या स्लॅशपर्यंत. ती तपासणारा राउटर खोटी चोवीसची ओळ आली तरी तिला दारातच अडवतो. भारतात पत्त्यांचं वाटप बघणारी आयआरआयएनएन ही राष्ट्रीय रजिस्ट्रीही आपल्या सदस्यांना ही नोंद करून देते. नेटवर्किंगमध्ये करिअर करायचं मनात असेल, तर हे तीन शब्द डोक्यात ठेवाच : प्रीफिक्स, समरायझेशन, आरपीकेआय. मुलाखतीत टेबल सगळेच म्हणून दाखवतात. ‘ही ओळ अशीच का लिहिली? अशी लिहिली असती तर काय झालं असतं?’ याचं उत्तर देणारे कमी असतात.

करून बघा

आज घरी किंवा हॉस्टेलवर गेलात, की लॅपटॉपवर ‘आयपीकॉन्फिग’ कमांड मारा, फोनवर वायफायच्या सेटिंग्ज उघडा. पत्ता, मास्क, गेटवे कागदावर लिहा. रेघ मारा. तुमच्या वाड्यात खोल्या किती ते काढा. मग पॅकेट ट्रेसरमध्ये मुद्दाम एका पीसीचा मास्क चुकवा आणि काय चालतं, काय बंद पडतं ते बघा. लॅबमध्ये केलेली चूक स्वस्तात पडते. आणि हे तीन प्रश्न. आधी स्वतः सोडवा, मगच खाली बघा.

१. १९२.१६८.१०.७७/२७ हा पत्ता कुठल्या वाड्यातला?

२. खासगी वापराचा एक तुकडा आहे १७२.१६.०.०/१२. मग १७२.२०.५.५ खासगी आहे का? आणि १७२.३२.१.१?

३. १०.२०.२०.० ते १०.२०.२७.० अशी आठ स्लॅश चोवीस नेटवर्क आहेत. कमीत कमी किती ओळीत बसतील?

उत्तरं :

१. सत्तावीस म्हणजे ३२ चे तुकडे : ०, ३२, ६४, ९६... ७७ पडतो ६४ ते ९५ मध्ये. नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट ९५, मधले ३० होस्ट.

२. पहिला डबा पूर्ण, दुसऱ्यातली पहिली चार खाणी ०००१ अशी पक्की. म्हणून १६ ते ३१. २० खासगी, ३२ नाही.

३. आठ आहेत म्हणून एकच स्लॅश एकवीस लिहिलंत? फसलात! २० ही ८ च्या पटीत नाही. दोन ओळी : १०.२०.२०.०/२२ आणि १०.२०.२४.०/२२.

तिसरा चुकला असेल तर वाईट वाटून घेऊ नका. माझाही पहिल्यांदा चुकला होता. फक्त उत्तर पाठ करू नका. तिसरा डबा उलगडून लिहा, सारखी खाणी मोजा आणि स्वतःलाच विचारा, ‘का?’